डॉक्समधलं पहिलं उदाहरण

नागपुरात नंदनवनला, ग्रेट नाग रोडवर के.डी.के. अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यामुळे आजूबाजूच्या लेआउटमध्ये विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या पुष्कळ, आणि त्या खोल्यांत रात्री उशिरापर्यंत रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू शिकत बसलेली मुलंमुलीही पुष्कळ. ही सगळी फ्रंट-एंड फ्रेमवर्क्स. वेबसाइटचा जो भाग आपल्यासमोर येतो, म्हणजे बटणं, मेनू, अर्ज, सूचना, तो बांधायची ही तयार सामग्री. वीजबिल, परीक्षेचा अर्ज, बँकेचं खातं अशी आपली कितीतरी कामं आज याच सामग्रीतून उभ्या राहिलेल्या पडद्यांवर होतात. सामग्रीतच खोट असली तर ती हजारो साइट्सवर जाऊन बसते.

ही खोट कुठे दुरुस्त करायची, यावरून याच वस्तीतल्या दोघांचा वाद आहे. त्यांना इथे भाऊ आणि ताई एवढंच म्हणू. भाऊ एका कंपनीत कॉम्पोनंट लायब्ररी सांभाळतात. त्यांनी केलेलं बटण कंपनीच्या सगळ्या साइट्सवर वापरलं जातं. ताई दृष्टिहीन आहेत. साइट्स स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवून पाहणं हा त्यांचा व्यवसाय. दिव्यांगांना वापरता येतील अशा साइट्स व्हाव्यात (यालाच ॲक्सेसिबिलिटी म्हणतात), याबद्दल दोघांत दुमत नाही. भाऊ म्हणतात, कोड सुधारा. ताई म्हणतात, आधी डॉक्युमेंटेशन, म्हणजे ती सामग्री कशी वापरायची हे शिकवणारे डॉक्स.

ताई: आज एका सेवेचा अर्ज तपासत होते. 'पुढे जा' या बटणावर टॅबने पोचताच येत नाही. डोळस माणसाला ते बटण दिसतं, माझा स्क्रीन रीडर त्याला साधा मजकूर समजतो. कोड उघडला तर डिव्ह, म्हणजे नुसता रिकामा डबा, आणि त्याला ऑनक्लिक लावलेलं. अर्ज पूर्ण भरून झाल्यावर शेवटच्या पायरीवर माणूस अडकतो. वाईट याचं वाटलं, की तोच डिव्ह, त्याच क्लासच्या नावासकट, मी इतर साइट्सवरही पाहिलाय. म्हणजे सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उचललाय.

भाऊ: कुठल्या तरी डॉक्समधून.

ताई: डॉक्समधल्या पहिल्या उदाहरणातून. दहावं उदाहरण कोणी उचलत नाही. फ्रेमवर्क शिकायला बसलेला मुलगा 'सुरुवात करा' हे पान उघडतो, पहिला तुकडा कॉपी करतो, चालला की पुढे जातो. त्या तुकड्यात डिव्हच्या जागी बटण टॅग असता, तर टॅबने पोचता आलं असतं, एंटरने आणि स्पेसने दाबता आलं असतं, आणि स्क्रीन रीडरनेही 'बटण' असं सांगितलं असतं. ब्राउझर हे सगळं फुकट देतो, एक ओळसुद्धा जास्तीची लिहावी लागत नाही.

भाऊ: पटलं. पण ताई, डॉक्स वाचतं कोण? वेबच्या ॲक्सेसिबिलिटीची मानकं १९९९ पासून आहेत, दुसरी आवृत्ती २००८ ची, २.२ ही २०२३ ची. इतकं लिहून ठेवलंय. तरी २०२५ मध्ये वेबएम या संस्थेने दहा लाख साइट्सची मुखपृष्ठं तपासली, तर ९४.८ टक्के पानांवर यंत्राला सापडतील असे दोष निघाले. लिहून सुधारायचं असतं तर एव्हाना सुधारलं असतं. म्हणून मी म्हणतो, चूक करताच येऊ नये अशी सामग्री द्या.

ताई: तुम्ही सांगताय ती मानकं झाली. ती नियमाच्या भाषेत आहेत, आणि शिकणाऱ्याने ती कधी उघडलेली नसतात. मी फ्रेमवर्कच्या डॉक्सबद्दल बोलतेय, जे तो रोज उघडतो. आणि त्याच पाहणीत दुसरी गोष्टही आहे. ज्या पानांवर एरिया वापरलंय, त्यांच्यावर दोष सरासरीने जास्त निघालेत, कमी नाही. लोकांनी एरियाचे गुणधर्म कुठून तरी आणून चिकटवलेत, ते काय करतात हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

एरिया म्हणजे स्क्रीन रीडरला जास्तीची माहिती देणाऱ्या गुणधर्मांचा संच. त्याचा पहिलाच नियम असा, की एचटीएमएलमध्ये तयार घटक असेल तर तोच वापरा, एरियाच्या नादी लागू नका. हा नियम किती जणांना माहीत असतो, हे नंदनवनच्या कुठल्याही खोलीत विचारून पाहावं.

भाऊ: मी उदाहरण देतो. बूटस्ट्रॅप घ्या, २०११ पासून चालून राहिलंय. त्यांच्या डॉक्समध्ये ॲक्सेसिबिलिटीचं पान आहे, आणि त्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय, की आमच्या मूळ रंगांच्या काही जोड्यांमध्ये अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक ४.५ ला १ या प्रमाणापेक्षा कमी पडू शकतो. हे वाचून किती जणांनी रंग बदलले असतील? पण पाचव्या आवृत्तीत, २०२१ मध्ये, त्यांनी कोडमधला आकडाच ३ वरून ४.५ केला. त्या आकड्यावरून बटणावरचं अक्षर काळं ठेवायचं की पांढरं, हे ठरतं. नवीन आवृत्ती घेतली त्याला कुठलंही पान न वाचता फायदा मिळाला. कमी दिसणारा एखादा आजोबा बटणावरची अक्षरं वाचू शकला असेल, तर तो त्या आकड्यामुळे.

ताई: हे मान्य. रंग तुमच्या हातात आहे, तर रंग बदला. नुसता इशारा लिहून जबाबदारी झटकू नये.

इथे भाऊंची बाजू मला वजनदार वाटते. जे दोष फ्रेमवर्क स्वतः दुरुस्त करू शकतं, ते तिथेच दुरुस्त व्हायला हवेत. शिकाऊ मुलाच्या डोक्यावर ते ओझं टाकणं अन्यायाचं आहे. स्वेल्ट या फ्रेमवर्कचं उदाहरणही भाऊंनी दिलं. चित्राला आल्ट मजकूर, म्हणजे त्याचं शब्दांतलं वर्णन, नसेल तर स्वेल्टचा कंपायलर तिथल्या तिथे इशारा देतो. रिॲक्टसाठी असंच काम कोड तपासणाऱ्या लिंटरचं एक प्लगइन करतं. पण ताईंनी लगेच हात वर केला.

ताई: इशारा बंद करायला लोक काय लिहितात, ते मला रोज ऐकू येतं. 'इमेज'. 'फोटो'. नाहीतर फाइलचं नाव, त्यातल्या आकड्यांसकट. कंपायलर खूश, मी होते तिथेच. चित्रात काय आहे आणि ते त्या पानावर कशासाठी आहे, हे यंत्र तपासू शकत नाही. ते माणसाला शिकवावं लागतं, आणि शिकवायची जागा म्हणजे डॉक्स.

भाऊ: मग मोडल घ्या, पानावर उघडणारी ती चौकट.

ताई: घ्या.

भाऊ: मोडल उघडलं की फोकस आत गेला पाहिजे. टॅब दाबत राहिलं तर मागच्या पानात निसटू नये. एस्केपने बंद व्हावं. बंद झाल्यावर ज्या बटणाने उघडलं, त्याच्यावरच फोकस परत यावा. हे सगळं पोट्ट्यांनी डॉक्स वाचून हाताने लिहावं? चारपैकी एक गोष्ट राहतेच. मी माझ्या लायब्ररीत हे एकदा लिहिलं, विषय संपला.

ताई: तुम्ही लिहिलंत. ज्याच्याकडे तुमची लायब्ररी नाही, तो इंटरनेटवर शोधतो, आणि त्याला हाताने बांधलेल्या डिव्हचं मोडल सापडतं. एचटीएमएलचा स्वतःचा डायलॉग टॅग मार्च २०२२ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतो. शोमोडल म्हटलं, की तुम्ही सांगितलेलं बहुतेक काम तो स्वतः करतो. तरी कितीतरी ट्युटोरियलांत अजून जुनंच मोडल आहे. कोड तयार असून उपयोग होत नाही, कारण तो आहे हे त्या ट्युटोरियलांत कोणी लिहिलेलं नाही.

भाऊ थोडे गप्प झाले. मग त्यांनी ताईंना विचारलं, की असा एक तरी दोष सांगा जो कोडने सुटूच शकत नाही. ताईंनी टेलविंड या सजावटीच्या (सीएसएस) फ्रेमवर्कचं नाव घेतलं.

ताई: टेलविंड सुरुवातीलाच सगळ्या याद्यांचे ठिपके आणि आकडे काढून टाकतं, म्हणजे डिझायनरला कोरी पाटी मिळते. पण ठिपके गेले की ॲपलचं व्हॉइसओव्हर त्या यादीला यादी म्हणतच नाही. किती ओळी आहेत, आपण कितव्या ओळीवर आहोत, काही कळत नाही. उपाय काय? यादीच्या टॅगवर रोल इक्वल्स लिस्ट असं लिहायचं. आता सांगा भाऊ, टेलविंड हे स्वतः करू शकेल?

भाऊ: नाही. ते सीएसएस आहे. एचटीएमएलला हात लावू शकत नाही.

ताई: म्हणून त्यांनी ते डॉक्समध्ये लिहिलंय, जिथे ठिपके काढल्याचं सांगितलंय तिथेच, उदाहरणासकट. तुमच्या कोडचा हात जिथे पोचत नाही, तिथे फक्त ते वाक्य पोचतं.

हा मुद्दा मला निर्णायक वाटला. फ्रेमवर्क आणि ते वापरणारा यांच्यामध्ये एक जागा कायम मोकळी राहते, आणि ती भरायला लिहिलेल्या शब्दांशिवाय दुसरं काही नसतं. ताईंचं पुढचं उदाहरण तर आपल्या अगदी दारातलं आहे.

ताई: व्हीट या साधनाने नवीन प्रोजेक्ट सुरू केला, की तयार मिळणाऱ्या पानाच्या पहिल्या टॅगवर काय असतं?

भाऊ: लँग इक्वल्स ईएन.

ताई: म्हणजे हे पान इंग्रजी आहे. मग त्यावर मुलगा मराठी मजकूर भरतो. ग्रामपंचायतीची साइट असेल, शाळेची असेल, पतसंस्थेची असेल. पहिली ओळ तशीच राहते, कारण डोळ्यांना तिचा काही फरक दिसत नाही. माझा स्क्रीन रीडर मात्र त्या ओळीवर विश्वास ठेवतो आणि इंग्रजी आवाज घेऊन देवनागरी वाचायला बसतो. काही आवाज एकेका अक्षराचे तुकडे पाडतात, काही सरळ गप्प बसतात. ईएनच्या जागी एमआर लिहिलं, दोन अक्षरं बदलली, की मराठी मराठीसारखी ऐकू येते. पानाची भाषा सांगणं ही मानकांतली सगळ्यात खालची, ए पातळीची अट आहे.

भाऊ: हे मात्र कोडनेच सुटेल. प्रोजेक्ट सुरू करताना तो इतके प्रश्न विचारतो, टाइपस्क्रिप्ट हवं का, अमुक हवं का. साइटची भाषा कोणती, हाही विचारावा.

ताई: विचारावा. आणि त्या प्रश्नाखाली, तो काहून विचारतोय, हे एका ओळीत लिहावं. नाहीतर पोरगं घाईत एंटर दाबून मोकळं होईल.

दोघं हसले. मला वाटतं वाद इथून बदलला; कोण बरोबर यापेक्षा काय करायचं, याकडे वळला. पण भाऊंची एक शंका शिल्लक होती आणि ती खरी होती.

भाऊ: तुम्ही मराठी डॉक्सही मागून राहिले ना? त्याला माझा विरोध आहे. फ्रेमवर्क दर काही महिन्यांनी बदलतं. इंग्रजी डॉक्स सांभाळणंच जड जातं. मराठी अनुवाद उत्साहाने सुरू होतो, चार महिन्यांनी करणारे नोकरीला लागतात, आणि मग जुनं पान नव्या मुलाला चुकीचं शिकवत बसतं. चुकीच्या मराठीपेक्षा बरोबर इंग्रजी परवडली.

ताई: सगळ्या फंक्शनांचा अनुवाद मी मागतच नाही. जे इंग्रजी डॉक्समध्ये कधीच येणार नाही, ते मराठीत लिहा म्हणते. देवनागरीचं प्रकरण लिहा. ओळीची उंची १ ठेवली की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जाऊ शकतात, हे कुठल्या अमेरिकन डॉक्समध्ये असणार? शीर्षक ऐटदार दिसावं म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवलं, की शिरोरेषा जागोजागी तुटते. माझी मैत्रीण, तिला थोडं दिसतं, पान मोठं करून वाचते. शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, तेच तिला कळत नाही. हे नियम पुढच्या आवृत्तीत बदलणार नाहीत, कारण लिपी बदलणार नाही. जुन्या खासगी फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय साइटवर टाकू नका, हेही त्यात लिहा. तसला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडरला त्यात रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा मिळतो.

भाऊ: एवढंच असेल तर सांभाळता येईल.

ताई: आणि डॉक्सचं पान मलाही वाचता आलं पाहिजे. मी पण कोड लिहिते. कॉपीच्या बटणाला नाव नसतं, नुसतं 'बटण' ऐकू येतं. व्हिडिओत शिकवणारा म्हणतो 'हे इथे टाका', आणि कुठे टाका ते बोलतच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर कोडमधल्या कॉमेंट्स फिक्या करड्या रंगात. सगळं स्पष्टीकरण त्या कॉमेंट्समध्येच असतं, आणि कमी दिसणाऱ्याला नेमक्या त्याच वाचता येत नाहीत.

हे ऐकताना एक गोष्ट मला टोचत राहिली. ओपन सोर्सच्या जगात कोड लिहिणाऱ्याला मान आहे, आणि डॉक्स लिहिणाऱ्याला 'बरं झालं, तेवढी स्पेलिंगं दुरुस्त केलीस' इतकंच. नंदनवनने तरी हे मानू नये. इथून जवळच्या चौकाला संताजी जगनाडे महाराजांचं नाव आहे. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले, म्हणून महाराष्ट्र त्यांना संत म्हणून ओळखतो.

कायद्याचा विषय निघाला, तेव्हा दोघांचं पटकन एकमत झालं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, आणि सेवा देणाऱ्यांना त्यात दोन वर्षांची मुदत होती. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलं आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना आणि दृष्टिहीनांना बँकेच्या केवायसीत (ओळख पडताळणीत) कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवायला सांगितलं जात होतं. न्यायालयाने एकूण वीस निर्देश दिले, आणि जिवंतपणा तपासायला डोळे मिचकावण्याखेरीज दुसरे मार्गही द्यावेत, असं बजावलं.

भाऊ: आता कंपन्या हलतील. आमच्याकडेही विचारणा सुरू झालीय.

ताई: हलतील, आणि शेवटी ते काम येईल नव्याने रुजू झालेल्या एखाद्या मुलीच्या टेबलावर. तिने निकाल वाचलेला नसेल. ती फ्रेमवर्कचे डॉक्स उघडेल. तिथे फॉर्मचं जे पहिलं उदाहरण असेल, तोच तिच्यापुरता कायदा. त्या उदाहरणात प्रत्येक रकान्याला लेबल असू दे. चुकीची सूचना नुसत्या लाल रंगाने न देता शब्दांत असू दे, आणि ती रकान्याला जोडलेली असू दे. रिॲक्टच्या डॉक्समध्ये यूजआयडीच्या पानावर हे जोडणं उदाहरणासह दाखवलंय. तसं प्रत्येक ठिकाणी असू दे.

भाऊ: पान बदललं की तुम्हाला कळत नाही, ती तक्रारही होती तुमची.

ताई: हो, सिंगल पेज ॲपमध्ये. दुव्यावर एंटर दाबलं, पडद्यावर नवीन पान आलं, आणि मला काहीच ऐकू नाही. मला वाटतं दाबलंच गेलं नाही, म्हणून मी पुन्हा दाबते. नेक्स्टजेएस या फ्रेमवर्कने यासाठी सोय केलीय, पान बदललं की त्याचं शीर्षक आपोआप बोललं जातं. शीर्षक नसेल तर पहिलं मोठं हेडिंग, तेही नसेल तर पत्ता. हा तुमचा मुद्दा, कोडमध्ये केलं, सगळ्यांना मिळालं. पण प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक द्यायचं काम माणसाचंच. सगळ्या पानांवर कंपनीचं नाव तेवढं लिहिलं, तर यंत्र प्रामाणिकपणे तेच बोलत राहणार.

भाऊ: ठीक. मग माझ्या लायब्ररीत मी नियम करतो. कॉम्पोनंट बदलला आणि त्याच्या डॉक्समध्ये कीबोर्डने तो कसा चालतो हे लिहिलं नसेल, तर बदल स्वीकारायचाच नाही. आणि उदाहरण टाकण्याआधी ते स्क्रीन रीडरवर ऐकायचं. पण आमच्या पोट्ट्यांना तो वापरता येत नाही.

ताई: शिकवते मी. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोघा दृष्टिहीनांनी २००६ पासून तो उभा केला, तेव्हा महागडे स्क्रीन रीडर आम्हाला परवडत नव्हते. त्यात मराठी आवाजही आहे. विंडोजच्या साध्या लॅपटॉपवर चालतो, खर्चाचं कारण सांगूच नका.

माझं मत आता ताईंच्या बाजूला झुकलेलं आहे, आणि ते भाऊंच्या नियमामुळेच. त्या नियमात कोड आणि डॉक्स वेगळे राहतच नाहीत. कीबोर्डने कसं चालतं हे लिहायला बसलं, की ते चालत नाही हे लिहिणाऱ्याला आधी कळतं. दोष वापरणाऱ्याच्या दारापर्यंत जायच्या आत सापडतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यांच्याखेरीज हात मोडलेला, मोतीबिंदू झालेला, उन्हात उभं राहून मोबाइल पाहणारा असा माणूस आपल्यापैकी कोणीही असतो.

नंदनवनमध्ये आणि इतरत्रही फ्रंट-एंड शिकणाऱ्यांना एवढीच विनंती. ओपन सोर्समध्ये पहिलं योगदान काय द्यावं, हा प्रश्न तुम्हाला पडतो. तुम्ही वापरता त्या फ्रेमवर्कच्या डॉक्समधलं एक उदाहरण घ्या, माऊस बाजूला ठेवा, आणि टॅब, एंटर, स्पेस, एस्केप या कळांनी ते शेवटपर्यंत चालवून पाहा. अडलं तर दुरुस्ती पाठवा, आणि ती काहून हवी आहे हे दोन ओळींत लिहा. आणि मराठी साइट करत असाल, तर आज उठून तिच्या पहिल्या टॅगवरची भाषा तपासा.